कलम जगले की नुसते बांधले?

"दाणे १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवल्यावर कलमाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले."

प्लास्टिकच्या रसायनशास्त्रातील प्रबंध, प्रकल्प-अहवाल आणि शोधनिबंध वाचताना या अर्थाचे वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटते. वाक्य छोटे असते. त्याच्याखाली बहुधा एक तक्ता असतो आणि तक्त्यात दोन दशांश स्थळांपर्यंतचे टक्के असतात. या लेखात मी या एकाच वाक्याची समीक्षा करणार आहे. ते लिहिणाऱ्यांना नावे ठेवण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतःच ते लिहिले होते. तरीही ते शिक्षकांपुढे ठेवावेसे वाटते. टक्के वाढले म्हणजे पदार्थ वाढला, ही समजूत आपल्याकडे शाळेतच रुजते आणि पुढे पीएच. डी. झाली तरी जात नाही, असा माझा अनुभव आहे.

कशाचे कलम, कशावर?

आंब्याचे कलम आपल्या परिचयाचे आहे. खुंटावर हव्या त्या जातीची काडी बसवून पट्टीने घट्ट बांधतात. बांधलेली काडी आपल्यातल्या साठ्यावर काही दिवस हिरवी राहते, पण तेवढ्यावरून कलम झाले असे कोणी म्हणत नाही. काडीला नवी पालवी फुटली, म्हणजे खुंटाचा रस तिच्यात चढू लागला, की मगच ते कलम. बांधलेल्या पट्ट्या मोजून जगलेल्या कलमांची संख्या सांगणाऱ्या माळ्यावर आपण विश्वास ठेवणार नाही.

आपल्या गोष्टीतला खुंट आहे पॉलिप्रॉपिलीन. बादल्या, खुर्च्या, विणलेली पोती, बाटल्यांची झाकणे यांत सर्रास वापरले जाणारे हे प्लास्टिक. इटलीत ज्यूलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये त्याचे नियमित रचनेचे रूप मिळवले. अशा बहुवारिकांवरील कामासाठी नाट्टा आणि जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कारखान्यात हे प्लास्टिक येते ते साबुदाण्यासारख्या बारीक दाण्यांच्या रूपात. त्याच्या लांब साखळीत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काहीही नसते. म्हणून ते पाणी धरत नाही, रंग धरत नाही आणि त्यात मिसळलेल्या काचतंतूंना किंवा नायलॉनलाही धरून ठेवत नाही.

काडी आहे मॅलेइक अनहायड्राइड. पाच अणूंचे एक छोटे कडे, त्यात चार कार्बन आणि एक ऑक्सिजन. कड्यात एक दुहेरी बंध असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कार्बोनिल गट. वरच्या वर्गांत भौमितिक समघटकता शिकवताना मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लांची जोडी अनेकदा घेतली जाते. मॅलेइक आम्लाचे दोन्ही आम्लगट एकाच बाजूला असल्याने तापवल्यावर त्यांच्यातून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि कडे बंद होते. फ्युमॅरिक आम्लात ते विरुद्ध बाजूंना असल्याने असे सहज होत नाही. बंद झालेले ते कडे म्हणजेच आपले मॅलेइक अनहायड्राइड. पाणी मिळाले की कडे उघडते, तापवले की मिटते. हे उघडणे-मिटणे लक्षात ठेवावे. पुढचा सगळा घोळ त्यातूनच निर्माण होतो.

आता कलम बांधायचे. दाणे, थोडे मॅलेइक अनहायड्राइड आणि चिमूटभर पेरॉक्साइड एकत्र करून एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात १८० ते २०० अंशांना वितळवत, मळत पुढे ढकलतात. उष्णतेने पेरॉक्साइड फुटते आणि त्याचे मुक्त मूलक तयार होतात. ते पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीतून एखादा हायड्रोजन ओढून घेतात. साखळीवर मोकळी झालेली ती जागा मॅलेइक अनहायड्राइडच्या दुहेरी बंधाला पकडते आणि काडी खुंटाला चिकटते. यंत्रातून बाहेर पडणारी शेवयांसारखी दोरी पाण्यात थंड करून पुन्हा तिचे दाणे कापतात.

ही पहिली उष्णता अनिवार्य आहे आणि तिचाही हिशेब चुकवावा लागतो. हायड्रोजन गमावलेली साखळी काडी पकडण्याआधीच त्या ठिकाणी तुटू शकते. म्हणून पेरॉक्साइड वाढवले की कलम काहीसे वाढते, पण साखळ्या आखूड होतात, वितळलेले प्लास्टिक पातळ वाहू लागते आणि वस्तूची ताकद घटते. बाजारातल्या अशा दाण्यांत कलमाचे प्रमाण वजनाच्या साधारण अर्धा ते दोन टक्के एवढेच असते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. यंत्रात टाकलेल्या मॅलेइक अनहायड्राइडपैकी सगळे चिकटत नाही. बरेचसे नुसते दाण्यात अडकून राहते. म्हणजे पट्टी बांधली आहे, काडी हिरवी दिसते आहे, पण कलम झालेले नाही.

आमच्या ओव्हनची गोष्ट

त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत अशा दाण्यांची एक बरणी झाकण सैल राहून कित्येक आठवडे पडून होती. माझ्याकडे काम करणाऱ्या विद्यार्थिनीने त्यातले थोडे दाणे गरम दाबयंत्रात दाबून पातळ पापुद्रा केला आणि त्याचा अवरक्त वर्णपट घेतला. वर्णपटात मिटलेल्या कड्याची खूण प्रति सेंटिमीटर १७८५ च्या आसपास दिसते आणि उघडलेल्या, म्हणजे आम्लरूपातल्या कड्याची १७१० च्या आसपास. तिला १७८५ चे शिखर बुटके दिसले. शिवाय पापुद्र्यात बुडबुडे येत होते. म्हणून तिने उरलेले दाणे रात्रभर १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. सकाळी पुन्हा वर्णपट घेतला, तर तेच शिखर चांगलेच उंच झालेले!

मला आनंद झाला. यंत्रात अपुरे राहिलेले कलम उष्णोपचाराने पूर्ण होते, असा अर्थ मी लावला आणि एका परिषदेसाठी निबंधाचा गोषवारा लिहायला घेतला. विद्यार्थिनी मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "सर, सकाळी ओव्हन उघडला तेव्हा डोळे चुरचुरले." मी म्हणालो, "ओव्हन जुना आहे." तिने दाण्यांचे वजन आधी आणि नंतर केले होते. ते घटले होते.

कलम वाढले असेल, तर डोळ्यांना झोंबणारे बाहेर काय पडले? या प्रश्नाने गोषवारा थांबला. तिने जुन्या बरणीतल्या न तापवलेल्या आणि ओव्हनमधल्या तापवलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या दाण्यांचे नमुने गरम झायलीनमध्ये विरघळवले. मग ते द्रावण ॲसिटोनमध्ये ओतून प्लास्टिकचा साका मिळवला. असे केल्याने न चिकटलेले मॅलेइक अनहायड्राइड ॲसिटोनमध्ये धुऊन जाते. धुतलेल्या दोन्ही नमुन्यांचे, कडी पाण्याने पूर्ण उघडून, अल्कलीने अनुमापन केले. ब्युरेटमधली वाचने जुळली. कलम जेवढे होते तेवढेच राहिले होते. गोषवारा मी पाठवला नाही. तो आठवडा मला चांगला गेला नाही, हेही सांगून टाकतो.

ओव्हनमध्ये नेमके काय होते?

ओव्हनमध्ये एकाच वेळी तीन-चार गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींना झाकतात.

पहिली, न चिकटलेले मॅलेइक अनहायड्राइड उडून जाते. ते ५३ अंशांच्या आसपास वितळते आणि २०२ अंशांना उकळते. १२० अंशांना त्याची बरीच वाफ होते. दुसरी, पावसाळ्यात पाणी पिऊन उघडलेली कडी पाणी सोडून मिटतात. तिसरी, पॉलिप्रॉपिलीनला हवेतला ऑक्सिजन लागतो. दाण्यांत स्थिरक द्रव्य नसेल आणि तापवणे लांबले, तर साखळीवर नवे कार्बोनिल गट तयार होतात, आणि त्यांची खूण नेमकी १७१० ते १७२० च्या भागात, म्हणजे आम्लाच्या खुणेला चिकटून येते. चौथी, थोडे पेरॉक्साइड शिल्लक असेल, तर थोडे खरे कलमही होऊ शकते. ही शक्यता नाकारता येत नाही, पण ती सिद्ध करायची तर आधीच्या तीन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात.

थोडा हिशेब करू. एक ग्रॅम दाण्यांत १० मिलिग्रॅम मॅलेइक अनहायड्राइड चिकटलेले आहे आणि ५ मिलिग्रॅम मोकळे आहे असे धरा. चिकटलेली सर्व कडी उघडली, तर दाण्यांचे वजन फक्त १.८ मिलिग्रॅमने वाढते. वजनाला हा फरक नगण्य आहे, पण वर्णपटात तो फार मोठा आहे, कारण एक शिखर जवळजवळ नाहीसे होऊन दुसरे उगवते. आता दाणे तापवा. मोकळे ५ मिलिग्रॅम उडाले आणि पाणीही गेले. वजन घटले. कडी मिटली, म्हणून १७८५ चे शिखर वाढले. हेच दाणे न धुता कोणी अनुमापनाने तपासले, तर त्याला आधी दीड टक्का आणि नंतर एक टक्का असे उत्तर मिळेल.

म्हणजे एकाच बरणीतले दाणे दोन प्रयोगशाळांना दिले, तर वर्णपट घेणारी म्हणेल की उष्णोपचाराने कलम वाढले, आणि अनुमापन करणारी म्हणेल की कमी झाले. दोघींची उपकरणे निर्दोष, दोघींचे आकडे प्रामाणिक. चिकटलेल्या रेणूंच्या संख्येत मात्र कोणताच बदल झालेला नाही.

अनुमापनातही एक चकवा आहे. कडे पाण्याने उघडले, तर दोन आम्लगट मिळतात आणि अल्कलीचे दोन रेणू खर्च होतात. तेच कडे मिथेनॉलसारख्या अल्कोहोलने उघडले, तर एका बाजूला एस्टर तयार होतो आणि एकच आम्लगट उरतो. वरच्या उदाहरणातल्या चिकटलेल्या १० मिलिग्रॅमला ०.०५ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड पहिल्या रीतीने सुमारे ४.१ मिलिलिटर लागेल, दुसऱ्या रीतीने सुमारे २.०५. कोणती रीत वापरली हे न सांगता दिलेला टक्का दुप्पट किंवा निम्मा असू शकतो. असे असताना तक्त्यात "१.२७ टक्के" लिहिलेले पाहिले, की त्या दुसऱ्या दशांश स्थळाचा मला संकोच वाटतो.

मोरचुदाचे उदाहरण

हे सगळे वर्गात दाखवायला मॅलेइक अनहायड्राइडची गरज नाही, आणि शाळेत ते आणूही नये. मोरचूद पुरेसे आहे. निळ्या मोरचुदाचे २.५० ग्रॅम स्फटिक चिनीमातीच्या वाटीत बेताच्या आचेवर पांढरे होईपर्यंत तापवा. काळपटपणा येऊ देऊ नका. थंड झाल्यावर वजन साधारण १.६० ग्रॅम भरेल. आता विद्यार्थ्यांना तांब्याची टक्केवारी काढायला सांगा. निळ्या स्फटिकांत ती सुमारे २५.५ येते, पांढऱ्या भुकटीत सुमारे ३९.८. मग विचारा, तापवल्याने तांबे वाढले का?

विद्यार्थी हसतील. वाटीत तांबे आधीही ०.६४ ग्रॅम होते आणि नंतरही तेवढेच आहे. वाढला तो अपूर्णांक, कारण छेद लहान झाला. दोन थेंब पाणी टाकले की निळा रंग परत येतो. वाटीसमोर ज्या चुकीला दहावीचा विद्यार्थी हसतो, तीच चूक वर्णपटासमोर मी केली होती. फरक एवढाच, की वाटीतला पदार्थ डोळ्यांना दिसत होता, आणि वर्णपटातल्या शिखराकडे मी पदार्थ समजून पाहत होतो.

बचावाची बाजू

या टीकेला सहकाऱ्यांकडून दोन उत्तरे मिळतात. दोन्ही विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले उत्तर असे, की उष्णोपचारानंतर दाणे खरोखरच चांगले काम करतात. हे बरोबर आहे. नायलॉनच्या टोकाचा अमीन गट मिटलेल्या कड्याशी सहज जुळतो, आम्लरूपाशी तितक्या सहज नाही. शिवाय मिसळताना पाण्याची वाफ होऊन बुडबुडे येत नाहीत. म्हणून वापरण्यापूर्वी दाणे तापवून कोरडे करणे हा योग्य रिवाज आहे. माझा आक्षेप तापवण्याला नाही, त्याच्या स्पष्टीकरणाला आहे. कलम वाढल्यामुळे दाणे सुधारले असे मानणारा माणूस पुढच्या वेळी आणखी तापवेल, आणि पिवळे, ठिसूळ प्लास्टिक हाती आल्यावर गोंधळेल. कडी मिटल्यामुळे सुधारले असे जाणणारा कडी मिटताच थांबेल आणि बरणीचे झाकण घट्ट लावेल.

दुसरे उत्तर असे, की सगळ्याच नमुन्यांना एकसारखी वागणूक दिली असेल, तर आकडा खरा नसला तरी तुलना खरी ठरते. ऐकायला हे पटते, पण इथे ते लागू पडत नाही. यंत्रात जास्त मॅलेइक अनहायड्राइड घातलेल्या नमुन्यात न चिकटलेला भागही सहसा जास्त राहतो. तो न धुता मोजला, तर "जास्त घातले की जास्त कलम होते" असा सुबक आलेख आपोआप मिळतो. एकसारख्या वागणुकीने इथे चूकही एकसारखी होत नाही. ती घातलेल्या मालाबरोबर वाढत जाते, आणि म्हणूनच नियमासारखी दिसते.

ही अडचण नवी नाही. बेल्जियममधील स्क्लाव्हों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या अशा दाण्यांमधील अनहायड्राइडचे प्रमाण अवरक्त वर्णपट आणि अनुमापन या दोन्ही मार्गांनी तपासणारा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. दोन मार्ग एकमेकांसमोर उभे करण्याची ही रीत तेव्हापासून उपलब्ध आहे. ती वापरायला वेळ आणि झायलीन लागते, एवढाच तिचा दोष.

धुतल्याशिवाय मोजू नये

मग उष्णोपचाराने कलम वाढते का, हा प्रश्न कसा सोडवावा? चार वाट्या घ्याव्यात. न धुतलेले आणि न तापवलेले. न धुतलेले पण तापवलेले. धुतलेले पण न तापवलेले. आणि आधी धुऊन मग तापवलेले. पाचवी वाटी कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनची, तेवढाच वेळ तापवलेली. हवेतल्या ऑक्सिजनने केलेला बदल ती दाखवेल. दुसरी वाटी तापवून झाल्यावर धुवावी, मग तिचे आणि तिसऱ्या वाटीचे, कडी पाण्याने पूर्ण उघडून, अनुमापन करावे. दुसरीचे वाचन खरोखर जास्त आले, तरच नवे कलम झाले. चौथ्या वाटीत मोकळे मॅलेइक अनहायड्राइड उरलेलेच नसते, त्यामुळे तिथे १७८५ चे शिखर वाढले, तर ते फक्त कडी मिटल्याने. धुण्यासाठी झायलीन उकळीजवळ, म्हणजे १४० अंशांच्या आसपास न्यावे लागते, आणि वर्णपटासाठी पापुद्रा दाबताना दाणे त्याहून जास्त तापतात. हेदेखील उष्णोपचारच आहेत, म्हणून तेही नोंदवावेत.

हे केवळ शास्त्रीय शुद्धतेसाठी सांगत नाही. मॅलेइक अनहायड्राइडची वाफ डोळे आणि श्वासनलिका यांना झोंबते, आणि वारंवार संपर्काने काहींना दम्यासारखा त्रास जडू शकतो. न चिकटलेला भाग "कलम" या शीर्षकाखाली मोजला, की तो कागदावरून नाहीसा होतो. दाण्यांतून मात्र तो जात नाही. पुढे कोणीतरी तेच दाणे यंत्रात वितळवतो, आणि ती वाफ यंत्रासमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या वाट्याला येते. तक्त्यात "मोकळे" असा एक वेगळा स्तंभ असता, तर त्या यंत्रावर वाफ ओढणारा पंखा बसवण्याची आठवण कोणाला तरी झाली असती.

आमच्या प्रयोगशाळेतही ओव्हनच्या वर आता असा पंखा आहे, आणि नोंदवहीत वजनाशेजारी एक रिकामा रकाना असतो: दाणे काढताना वास आला का, डोळे चुरचुरले का. तो रकाना त्या विद्यार्थिनीने आखलेला आहे. नवीन विद्यार्थी तो पाहून हसतात आणि विचारतात, की यात मोजण्यासारखे काय आहे. मी त्यांना मोरचुदाची वाटी तापवायला देतो.